जनाबियातली पिस्तुलं

पिस्तूल हातात घेतलं की मला बरं वाटतं, हे वाक्य मी उभ्या आयुष्यात कुणापुढे मोठ्याने बोलले नाही. बोलणार तरी कशी? मी नर्स. घर वसईचं, ख्रिस्ती, पापभीरू. गळ्यात क्रूस आणि हातात टाके घालायचं सामान. माणसं शिवून पगार घेणाऱ्या बाईने माणसं फाडायच्या वस्तूवर जीव लावायचा, म्हणजे दिवसा दारूबंदीचं भाषण आणि संध्याकाळी गुत्ता. तरी तो लागला. आणि लागला तोही बहरीनमध्ये, जिथे मी निमूटपणे नोकरी करायला आले होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नवरा मनामाच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होता आणि मी हॉस्पिटलात, तेव्हा अजून ड्रेसिंग रूमला. ऑपरेशन थिएटर नंतर मिळालं. एके सकाळी एक उंच, ताठ गृहस्थ उजवा हात रुमालात गुंडाळून आले. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यातली कातडी चांगलीच फाटली होती. रुमाल सोडताना माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं, तसे ते खुर्चीत सरसावून बसले.

"मराठी हाईस व्हय? मग बरं झालं. चावलं गं."

"काय चावलं?"

"बेल्जियम."

मला वाटलं, तापात बरळतायत. मग टाके पडेपर्यंत त्यांनी मला समजावून सांगितलं. बेल्जियन नऊ एमएमचं पिस्तूल झाडलं की वरची स्लाइड मागे येते, घोडा मागे मुडपतो, आणि धरणाऱ्याचा पंजा मोठा असेल तर घोड्याची शेपटी ही बेचक्यातली कातडी नेमकी पकडते. "दोष त्याचा न्हाई. माझाच हात रेड्यावानी," ते म्हणाले. टाके घालताना हूं की चूं केलं नाही, पण त्या पिस्तुलाला कुणी नावं ठेवू नयेत याची केवढी काळजी! मी हसले. तिथेच फसले.

काका, असंच मी त्यांना म्हणायला लागले, मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत आर्मरर होते, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, राखणारे. निवृत्त झाल्यावर बहरीनच्या एका जुन्या व्यापारी घराण्याच्या मालकाने त्यांना बोलावून घेतलं होतं. या मालकाला सगळे अरबाब म्हणत. अरबाबाला जुन्या पिस्तुलांचा शौक. इंग्रजांच्या वेळेपासून परवान्यानिशी जमवलेली. जनाबियात खजुरीच्या बागेत त्याचं मोठं घर होतं, बागेच्या टोकाला पिस्तुलांची खोली, आणि त्या खोलीला चिकटून काका-काकूंचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. नोकरी अरबाबाची, छप्पर अरबाबाचं, व्हिसाही त्याच्याच नावावर. एक गाठ सुटली की सगळंच सुटणार, ही आम्हा सगळ्यांचीच तिथली परिस्थिती होती.

"आमच्या हिला मराठीत भांडायला कुणी न्हाई. शुक्रवारी येत जा," असं काकांनी बोलावलं आणि मी जायला लागले. गेले काकूंसाठी. हे मी स्वतःलाही पुष्कळ दिवस असंच सांगत होते.

बुदय्याच्या रस्त्याने शेअर टॅक्सीने जायचं, पुढे बागांमधून चालायचं. काकू दारातच वाट बघत असायच्या. त्यांच्याबरोबर चहा, थोडं माहेरचं, थोडं सासरचं, आणि मग माझे डोळे भिंतीकडे वळायचे. त्या भिंतीपलीकडे ती खोली. काकूंना ते कळायचं. "जा बाई, जा तुझ्या भावकीत," म्हणायच्या आणि पिठाचा डबा पुढे ओढायच्या. भाकऱ्या थापल्याचा आवाज मला पलीकडे ऐकू यायचा. या बाईला महिनोन्‌महिने बोलायला माणूस नाही आणि आपण तिचं माणूस पळवून नेतो आहोत, ही बोच मनात असायची. पण बोच असली म्हणून पाय थांबतात थोडेच?

खोलीत मोठं टेबल. त्यावर काका एकेक पिस्तूल काढून ठेवायचे, आणि आमची भांडणं सुरू व्हायची. मी थिएटरला लागल्यापासून स्टीलची मला फार पारख आली होती. चांगली कात्री बोटात घेतली की ती आपल्याला सांगते कुठे धरायचं. इंग्रजी रिव्हॉल्व्हर तसं होतं. वरची कळ दाबली की मधोमध उघडतं आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलून देतं; सगळा कारभार डोळ्यांपुढे, लपवाछपवी नाही. मी त्याच्या बाजूची. काका म्हणायचे, "ते बैलगाडी हाय. चालंल, पर घाईला न्हाई."

ते स्वतः पंचेचाळीस बोअरच्या अमेरिकन पिस्तुलाचे भक्त. जाड, चपटं, बोजड वाटतं. पण मुठीत धरलं की बसतं. मुठीच्या मागे एक पट्टी असते, ती तळहाताने नीट दाबली गेल्याशिवाय चाप चालतच नाही. "नीट धरशील तर बोलंल," काका म्हणायचे. बेल्जियन त्याच्यापेक्षा देखणं, कमरेतून बारीक, पोटात काडतुसं मात्र दुपटीच्या जवळपास. जर्मन दोन होती. एकाचा सांधा झाडताना कोपरासारखा वर मुडपायचा. इतकं नाजूक काम की वाळूचा एक कण गेला तर रुसून बसायचं. मी म्हणायचे, हे बहरीनच्या हवेत राहिलंच कसं? दुसऱ्याचा पहिला चाप लांब आणि जड, नंतरचे हलके. "नव्या सुनेवानी," असं काका म्हणाले की भिंतीपलीकडून काकूंचा खोकला ऐकू यायचा.

सगळी लोखंडाची, पोलादाची. हातात घेतली की गार, मग हळूहळू आपल्या अंगाची ऊब घेणारी. पुढे अरबाबाच्या मुलाने युरोपातून एक नवं पिस्तूल आणलं, त्याची फ्रेम चक्क प्लास्टिकची. काकांनी ते दोन बोटांत धरून हलवून पाहिलं. "टिफिनचा डबा हाय ह्यो. जेवण कुठाय?" मला तेव्हा फार हसू आलं होतं. खरं तर ते पिस्तूल चांगलं होतं, हलकं, विनातक्रार. पण आम्ही दोघांनी त्याला टेबलाच्या कोपऱ्यात बसवलं, पंक्तीला न घेतलेल्या पाहुण्यासारखं.

साफसफाईचं सामान मी न्यायचे. शिवणयंत्राचं तेल बाब अल बहरीनच्या बाजारातल्या गल्लीतून. आणि गॉज हॉस्पिटलातून. विकत नाही, तसाच, पर्समधून. जखमेवर ठेवायचा गॉज पिस्तुलाच्या नळीत फिरवायचा! पर्सची चेन लावताना कानशिलं तापायची आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तेच करायचे.

बहरीनमध्ये आमचा रविवार शुक्रवारी यायचा. सुट्टी तेव्हाच, म्हणून चर्चमधली मिस्साही तेव्हाच. सकाळच्या मिस्साला मी नवऱ्याबरोबर जायचे, पण शेवटचं गाणं सुरू झालं की माझी चुळबूळ सुरू. नवरा म्हणायचा, "तू देवाला हजेरी लावतेस आणि काकांकडे ड्यूटी करतेस." एकदा मी कन्फेशनला बसले आणि फादरना सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, गोळी झाडतेस का? नाही, फादर, नुसती बघते, पुसते. कुणाला मारावंसं वाटतं का? नाही. मग पाप काय? मला सांगता येईना. त्यांनी मला थोडी प्रार्थना करायला सांगितली आणि जांभई दिल्यासारखा आवाज आला.

पाप काय ते मला थिएटरमध्ये कळलं. शिकारीला गेलेल्या टोळक्यातला एक तरुण आणला होता, मित्राच्या हातून पिस्तूल सुटलेलं, मांडीत गोळी. सर्जननी चिमट्याने ती काढून ट्रेमध्ये टाकली. टण्ण. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? तो वाचेल का, हे नाही. त्याची आई बाहेर आहे का, हेही नाही. आलं ते असं: नऊ एमएम, बहुतेक बेल्जियन. आणि तेही खुशीने, बरोबर ओळखल्याच्या खुशीने. मास्कच्या आत मी हसत होते. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. पुढच्या शुक्रवारी जाणार नाही असं ठरवलं. गेले.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हाची गोष्ट. सौदीला जोडणाऱ्या समुद्रातल्या पुलाचं काम चालू होतं, ट्रकांनी जनाबियाचा रस्ता भरून जायचा आणि खोलीत बारीक धूळ यायची. त्यामुळे पिस्तुलं जास्त वेळा उघडायला लागत. काका साठी ओलांडून पुढे गेले होते. पाठ तशीच ताठ. पण एकच गोष्ट दोनदा सांगायला लागले होते, आणि मी दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायला लागले होते.

त्या शुक्रवारी त्यांनी अमेरिकन हातात घेतलं. आदल्या दिवशी अरबाबाचा मुलगा ते वाळवंटात घेऊन गेला होता, डबे उडवायला. काकांचा नियम असा: पिस्तूल हातात आलं की आधी मुठीतलं काडतुसांचं मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून नळीमागच्या चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. कारण मॅगझिन काढलं तरी एक काडतूस चेंबरमध्ये बसलेलं असू शकतं. मला हे त्यांनीच शिकवलं होतं, पहिल्याच महिन्यात, ओरडून.

त्यांनी मॅगझिन काढलं. मला चाप किती स्वच्छ सुटतो ते दाखवायचं होतं. अंगठ्याने घोडा चढवला, पिस्तूल भिंतीकडे धरलं. "मॅगझिन काढलं की मेलं," म्हणाले, आणि चाप दाबला.

टक्.

बेल्जियन पिस्तूल मॅगझिन काढल्यावर मरतं, हे खरं. त्यात तशी सोय आहे. चाप दाबलात तरी काही होत नाही. अमेरिकनमध्ये ती सोय नाही. त्यात चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते सुटतंच. या दोघांची तुलना करण्यात ज्यांची हयात गेली, त्या काकांच्या डोक्यात त्या क्षणी दोन्ही एक झाली होती. चेंबर बघितलं नव्हतं. आणि भिंतीपलीकडे काकू भाकऱ्या थापत होत्या.

भाकरीचा आवाज चालूच राहिला. मी काही बोलले नाही. काका पुढे बोलत होते, स्प्रिंगबद्दल काहीतरी. त्यांनी पिस्तूल खाली ठेवल्यावर मी ते उचललं आणि सहज केल्यासारखी स्लाइड ओढून पाहिली. चेंबर रिकामं होतं.

पुढचे दोन-तीन शुक्रवार मी असेच काढले. काकांच्या आधी टेबलाशी पोचायचं, एकेक पिस्तूल हौसेने हाताळतेय असं दाखवत चेंबर बघून घ्यायचं. त्यांची चूक झाकत होते की माझे शुक्रवार वाचवत होते? दोन्ही. काका या कामाला आता नकोत, हे कुणाला कळलं तर खोली बंद, बिऱ्हाड बंद, व्हिसा खलास, आणि दोघं म्हातारी माणसं सामान बांधून गावी. गावी घर होतं, पण मूलबाळ नव्हतं. इथे काकांना निदान सकाळी उठायला कारण होतं. आणि न सांगावं तर एखाद्या शुक्रवारी मी नसताना, भिंतीपलीकडे भाकरीचा आवाज बंद पडायचा.

मग एक दिवस काकूंनीच स्वयंपाकघरात मला थांबवलं. त्या दिवशी पलीकडे जाऊ दिलं नाही.

"तू हास्पिटलातली हाईस. खरं सांग. ह्यांचं डोकं कामातनं चाललंय न्हवं? गॅस उघडा ठेवत्यात. परवा मला आईच्या नावानं हाक मारली."

आमच्याकडे घरातल्या मोठ्या पुरुषाची चूक त्याच्या तोंडावर सांगत नाहीत. ती मागच्या दाराने, चुलीपाशी, बायकोच्या कानात सांगतात. माझ्या आईने माझ्या आजोबांबद्दलचं सगळं असंच आजीला सांगितलं होतं. हॉस्पिटलात तरी आम्ही दुसरं काय करत होतो? आजार मोठा असला की डॉक्टर नातेवाइकांना कॉरिडॉरमध्ये बोलावणार, आणि रोग्याला मी सांगणार, काही नाही हो, थोडा अशक्तपणा आहे. मला याच्यात कधी काही खुपलं नव्हतं. उलट ही माया आहे असं वाटायचं.

मी काकूंना सांगितलं. अमेरिकन, बेल्जियन, ती भिंत, सगळं. काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंस." त्यांचे हात पिठाने भरलेले होते म्हणून डोळे दंडाला पुसले.

काकू धीराच्या. त्यांनी काकांना काही सांगितलं नाही; त्याही आमच्यातल्याच. बागेतून मोठ्या घराच्या बायकांच्या बाजूला गेल्या आणि मालकिणीच्या कानावर घातलं. मालकिणीने अरबाबाच्या. अरबाब माणूस सभ्य. त्याने काकांना दिवाणखान्यात बसवून कहवा दिला, इतकी वर्षं केलंत, आता आराम करा म्हणाला, तिकिटं आणि वर बक्षीस दिलं, आणि जाताना खोलीच्या किल्ल्या मागून घेतल्या. काकांनी कारण विचारलं नाही, असं काकू म्हणाल्या.

त्यांचं विमान पुढच्या आठवड्यात होतं, तेव्हा मी शेवटची गेले. जावंसं वाटत नव्हतं. सकाळी मिस्सात गुडघे टेकले तेव्हा मी काकांसाठी प्रार्थना केली नाही. त्यांना कळू नये म्हणून केली. इतकी मी भित्री.

काकू शेजारच्या मल्याळी बाईकडे भांडी द्यायला गेल्या होत्या. काका बाहेरच्या ओट्यावर बसले होते, दोरीने ट्रंक आवळत. खोलीच्या दाराला नवं कुलूप होतं. मी खाली बसून दोरीचं दुसरं टोक धरलं.

"ओढ," म्हणाले. मी ओढलं. त्यांनी गाठ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी चाप दाबल्याबरूबर मी तुझं तोंड बघितलं. पांढरं फटक. तवाच मला कळलं, मी काय केलं ते."

माझ्या हातातून दोरी सुटली.

"मग मी वाट बघितली. आत्ता बोलंल, मग बोलंल. तू यायचीस आन माझ्या आधी चेंबर बघायचीस. मला दिसत न्हाई व्हय? म्हटलं, पुढच्या शुक्रवारी बोलंल."

"काका, मी..."

"फायरिंग रेंजवर कुणाचं चुकलं तर कालचा रंगरूट बी कर्नलसायबाला 'स्टॉप' म्हणून वरडतो. सायेब त्याला शाबासकी देतो. तू बोलली असतीस तर त्याच दिवशी मी आपल्या हातानं किल्ल्या नेऊन ठेवल्या असत्या. म्हणलो असतो, अरबाब, माझं झालं. सलाम करून निघालो असतो." त्यांनी गाठ चाचपून बघितली. "आता मला काढलं."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसापुढे रडता तरी येतं.

"भ्या वाटलं व्हय तुला माझं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची माझी तयारी होती. हो म्हटलं असतं तर दोघांनाही सोपं गेलं असतं. पण या माणसाशी मी आता आणखी काही झाकून ठेवणार नव्हते.

"नाही, काका. तुमची लाज वाटली. तुमच्यासारख्या माणसाचं असं व्हावं याची. ती तुमच्या तोंडावर कशी सांगू?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग दोरीचं सुटलेलं टोक उचलून माझ्या हातात परत दिलं.

"लाज माझी हुती, पोरी," ते म्हणाले. "मला द्यायची हुतीस."